दातांच्या दवाखान्यातली उघडी भिंत

आमचे भावजी दातांचे डॉक्टर. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणूस मुळात बोलका, आणि धंदा असा मिळाला की समोरच्याचं तोंड उघडं, पण उत्तर द्यायची सोय नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं दवाखान्यात त्यांचं म्हणणं कुणी खोडून काढलं नव्हतं. घरी ताई ती कसर भरून काढायची.

छंदांच्या बाबतीत मात्र त्यांचा भरवसा नव्हता. मध्ये एकदा बासरी आणली. ती शेजाऱ्यांच्या विनंतीवरून कपाटात गेली. मग काचेच्या पेटीत मासे पाळले. मग जुनी घड्याळं उघडून बसले; ती अजून उघडीच आहेत. ताई म्हणायची, "यांना काही लागलं की दोन महिने घरात आपण पाहुणे. मग उतरतं आपोआप." म्हणूनच सडक्या दगडाचं वेड त्यांना लागलं आणि ते उतरायचं नाव घेईना, तेव्हा सगळ्यात जास्त नवल तिलाच वाटलं.

त्याची सुरुवात झाली ती जिन्यापासून. भावजींचा दवाखाना तेव्हा भाड्याच्या जागेत, वरच्या मजल्यावर होता. जिना अरुंद आणि उभा. दाढ दुखणारी म्हातारी माणसं कठडा धरून, दर दोन पायऱ्यांवर थांबत वर यायची, आणि खुर्चीत बसेपर्यंत दाढेपेक्षा गुडघे जास्त बोलायला लागायचे. एका आजीबाईंनी तर त्यांना सरळ सांगितलं, "डॉक्टर, कवळी नसली तरी चालेल, पण हा जिना नको." भावजींनी ते मनाला लावून घेतलं. गावाच्या कडेला, रस्ता टेकडीवर चढायला लागतो तिथे उताराचा एक प्लॉट त्यांनी घेतला. बेत साधा होता. उतार कापून जागा सपाट करायची, दार रस्त्याला समपातळीत, आत बसायची खोली, तिला लागून खुर्चीची खोली, वर राहायचं घर. मागची भिंत टेकडीच्या पोटात.

प्लॉट विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की खाली अस्सल कातळ आहे, पोरासोरांच्या पोरासोरांपर्यंत घर हलायचं नाही. प्रत्यक्षात खोदाईचं यंत्र आलं आणि लोण्यात सुरी फिरावी तसं आत गेलं. वर हातभर लाल माती. तिच्याखाली लाल-पांढरी, डागाळलेली चिकणमाती. त्याखाली पिवळट दगड, दिसायला दगडच, सगळ्या रेघा-भेगा जागच्या जागी, पण मुठीत धरून दाबला की भुगा. आणि त्या भुसभुशीत पिवळ्यात मधूनमधून काळे, गोल, टणक धोंडे, कांद्याच्या पापुद्र्यासारखी सालं सुटलेले.

ठेकेदार खूश होता. सुरुंग लावायला नको, काम लवकर उरकलं. भावजी मात्र पार खट्टू झाले. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करते. सकाळी कामावर जाताना वाट वाकडी करून खड्डा बघायला ये, असा त्यांचा निरोप आला म्हणून गेले. ते काठावर उभे होते, एखाद्या पेशंटचा एक्सरे वाईट आल्यासारखे.

"बघितलंस मेहुणीबाई? किडका प्लॉट गळ्यात मारला मला."

"दगडाला कीड लागते होय?"

"मग हे काय आहे?" त्यांनी एक पिवळा तुकडा उचलून चिमटीत चुरडला. "मी रोज हेच बघतो. वरून दात शाबूत, आत भुसा."

आमचं हे चालू असताना टेकडीवरून एक बस खाली आली. आधी पुढे गेली, मग करकचून थांबली आणि मागे मागे येत बरोबर आमच्यासमोर उभी राहिली. खिडक्यांतून डोकीच डोकी बाहेर. मग एक ठेंगण्या बाई उतरल्या. डोक्यावर कापडी टोपी, गळ्यात भिंग, कमरेच्या पट्ट्यात हातोडी.

"हा खड्डा तुमचा का?"

भावजींच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "बांधकामाची परवानगी आहे. नकाशे मंजूर आहेत. सगळे कागद दाखवतो."

"कागद नकोत. आत उतरू का?"

"कशाला?"

"बघायला."

"काय बघायला?"

बाई जरा ओशाळल्या. "भिंत," त्या म्हणाल्या.

मग उलगडा झाला. या बाई एका मंडळाच्या सचिव होत्या. मंडळाचं नाव लांबलचक होतं, 'झिजलेल्या भूमीचा अभ्यास करणाऱ्यांचं मंडळ' असं काहीतरी. आपापसात सगळे नुसतं झीजमंडळ म्हणत. कुणी पाणीपुरवठा खात्यात, कुणी खाणीत, कुणी शेतीच्या संशोधन केंद्रात, कुणी कॉलेजात शिकवणारं. वर्षातून एकदा बस करून कुठेतरी उघडी पडलेली जमीन बघायला जायचे. त्या दिवशी ते वरच्या वळणावर आले होते. तिथे रस्त्यासाठी टेकडी उभी कापलेली होती आणि पंचक्रोशीत तसा छेद दुसरा नव्हता. पण दरड पडू नये म्हणून रस्तेवाल्यांनी आठवड्यापूर्वीच त्यावर जाळी ठोकून सिमेंट मारलं होतं. बसभर माणसं एका करड्या भिंतीकडे बघून पुन्हा बसमध्ये चढली होती. उतारावर कुणाला तरी आमचा खड्डा दिसला.

"उतरा," भावजी म्हणाले. सरकारी माणसं नाहीत एवढं कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला होता. "पण जपून. आणि तुम्हाला किडकं बघायची हौस असेल तर बघा पोटभर."

ती माणसं आत उतरली. कुणी गुडघ्यावर बसलं, कुणी भिंतीला नाक लावलं. एक उंच, वाकलेले गृहस्थ होते, त्यांना सगळे लंबूकाका म्हणत. त्यांनी डागाळलेल्या चिकणीचा एक कण नखाने काढला आणि सरळ तोंडात टाकला. चावला. डोळे मिटून पुढच्या दातांनी हळूहळू चावला.

भावजींना राहवेना. "अहो, अहो, काय करताय? दात झिजतील."

"थांबा जरा," लंबूकाका म्हणाले. थुंकून झाल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. अगदी बारीक चिकण असेल तर जिभेवर लोण्यासारखी पसरते. त्यात पोयटा, म्हणजे नदीच्या गाळासारखी जराशी भरड माती, असेल तर दातांखाली किंचित कचकच होते. बोटांना जे कळत नाही ते दातांना कळतं.

"दातांना?"

"दातांना. प्रयोगशाळेत नमुना पोचेपर्यंत आमचं पहिलं यंत्र हेच."

मी भावजींना चांगली ओळखते. तो शब्द त्यांच्या कानात गेला आणि ते खड्ड्यात उतरले. कोट घातलेला, बूट चकचकीत. मी काठावरून बघत राहिले. त्यांनी एक कण चावला, दुसरा चावला, मग लंबूकाकांना विचारलं, "याला कचकच म्हणायचं का?" आणि काका म्हणाले, "याला नाही, तुमच्या डाव्या हाताला वीतभर खाली जा." माझं छापखान्यात जायचं राहिलं ते राहिलंच.

सचिवबाईंनी त्यांना भिंत वरून खाली वाचून दाखवली. खालचा काळा दगड आणि वरची लाल माती ही एकाच घरची मंडळी आहेत, त्या म्हणाल्या. पाणी भेगांतून उतरतं आणि दगडाला हळूहळू विरघळवतं, बदलतं. चौकोनी तुकड्याच्या कोपऱ्याला ते तीन बाजूंनी भिडतं, कडेला दोन, सपाटीला एकाच बाजूने. म्हणून कोपरे आधी जातात आणि मधे गोल धोंडा उरतो.

"म्हणजे भेगेतून आत शिरतं," भावजी म्हणाले, "आणि पसरतं आतल्या आत. दाढेचंही असंच असतं. वरच्या खाचेतून सुरू होतं."

"तसंच म्हणा. पण डॉक्टर, ही कीड नव्हे. दगड असा कुजला नसता तर माती झाली नसती. झाड नाही, गवत नाही, आपणही नाही."

भावजींनी एक पिवळा तुकडा उचलला आणि न चुरडता रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. हे मी स्वतः पाहिलं, म्हणून लिहिते आहे.

मग बाईंनी मंडळाची रडकथाही सांगितली, पण हसत हसत. दगडाचा अभ्यास करणाऱ्यांना ताजा, टणक खडक हवा असतो. वरचं हे सगळं ते कचरा म्हणून खरवडून फेकतात. मातीचा अभ्यास करणारे हातभर खोल गेले की थांबतात, कारण पिकाची मुळं तिथवरच. मधलं जे उरतं, ज्याला शास्त्रात रेगोलिथ म्हणतात, त्याला वाली नाही. ते ज्यांना आवडतं अशी दोन्हीकडची चुकार माणसं गोळा करून त्यांनी मंडळ काढलं होतं. मातीवाले आणि दगडवाले. "भांडतात फार," त्या म्हणाल्या, "पण बस एकच करतात."

दुपारी ताई भावजींचा डबा घेऊन आली. तिच्या होऊ घातलेल्या घराच्या खड्ड्यात बसभर माणसं चिखलात बसलेली आणि तिचा नवरा माती खात असलेला, असं दृश्य तिला दिसलं. तिने डबा माझ्या हातात दिला.

"हे किती दिवस चालेल असं वाटतं?" तिने विचारलं.

"दोन महिने," मी म्हणाले. मला तेव्हा तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मागच्या भिंतीचं काँक्रीट ठरलेलं होतं. सचिवबाईंना ते कळलं तेव्हा त्यांनी एका शब्दानेही गळ घातली नाही. फोटो काढले, मापं घेतली आणि बसमध्ये चढताना एकदा मागे वळून बघितलं. रात्री जेवताना भावजी ताटातल्या भाताचे थर लावत बसले होते. ताईने दोनदा विचारलं, भाजी बिघडली का. शेवटी ते म्हणाले, "मागची भिंत थोडी उघडी ठेवली तर?"

"उघडी म्हणजे?"

"म्हणजे काच लावून."

ताईने पाण्याचा पेला खाली ठेवला. "अहो, लोक दात दाखवायला येतात. त्यांना डोंगराची आतडी कशाला दाखवायची?"

सकाळी काँक्रीट थांबवलं तेव्हा ठेकेदार तर हातच जोडायला लागला. पाणी येईल, भिंत ढासळेल, माझं नाव खराब होईल. पण मंडळात उतारांची कामं करणाऱ्या एक इंजिनिअरबाई होत्या. भावजींनी फोन केल्यावर त्या स्वतः आल्या, दोन भक्कम खांब, वर तुळई आणि मागून पाणी काढून देणारी नाली असा आराखडा त्यांनी काढून दिला. मधे दारापेक्षा थोडी मोठी, जमिनीपासून छतापर्यंत काच. ठेकेदाराने कुरकुरत का होईना, ते काम नीट केलं.

दवाखाना सुरू झाला. आजीबाई जिना नसलेल्या दारातून थाटात आत आल्या, काचेसमोरच्या बाकावर बसल्या आणि बराच वेळ बघून म्हणाल्या, "गिलावा करायचा राहिला वाटतं." तसं बरेच जण म्हणाले. पण हळूहळू लोकांना सवय लागली. नंबर येईपर्यंत नजर काचेवर जायची. कुणाला त्यात ढग दिसायचे, कुणाला नकाशा. एका वकिलांची खुर्चीच्या नावाने गाळण उडायची, ते मुद्दाम लवकर येऊन काळे धोंडे मोजत बसायचे, म्हणजे जीव जरा थाऱ्यावर राहायचा. आणि खुर्चीत बसल्यावर प्रत्येकाला, तोंड उघडं असताना, भावजींकडून बाकीची माहिती मिळायची.

त्यानंतरच्या पावसाळ्यात गडबड झाली. मागची नाली पानांनी तुंबली. काचेच्या आतून पाण्याचे ओघळ यायला लागले, पिवळा भुगा खाली साचला आणि एके दिवशी भर दुपारी एक गोल धोंडा सुटून काचेवर आदळला. काच फुटली नाही, पण वरपासून खालपर्यंत तडा गेला. समोर वकीलच बसले होते. ते जे बाहेर गेले ते छत्री विसरून गेले.

"आता पुरे," ताई म्हणाली. "उद्या कुणाला लागलं तर?"

ती चुकीचं बोलत नव्हती, आणि भावजींनाही ते पटलं होतं. त्यांनी ठेकेदाराला निरोप धाडला आणि सचिवबाईंना फोन करून सांगितलं की भिंत बुजवतो आहे, राग मानू नका. दोन दिवसांनी बाई एकट्याच एस्टीने आल्या. दवाखाना बंद व्हायची वेळ होती. मी छापखान्यातून परस्पर तिथे गेले होते, ताईही वरून खाली आली होती. बाईंनी तडा गेलेल्या काचेवर हात फिरवला आणि बाकावर बसल्या.

"बुजवा डॉक्टर," त्या म्हणाल्या. "दवाखाना आधी. तुम्ही एवढं केलंत तेच पुष्कळ."

मग त्यांनी सहज सांगितल्यासारखं सांगितलं की मंडळही बहुतेक बंद करावं लागेल. कॉलेजांतून हा विषय निघत चालला होता. मंडळाची एक छापील पत्रिका निघायची, तिला लेख येत नव्हते. मागची वार्षिक सभा एका बँकेच्या उपाहारगृहात झाली, तीही वाढपी टेबलं पुसायला लागल्यावर आवरती घ्यावी लागली. "जागाच नसते हो," त्या म्हणाल्या. "लोक येतील कुठे? आणि आले तर भांडतील कुठे?"

ताई जाळीच्या दाराला टेकून ऐकत होती. ती व्यवहारी बाई. घरातला एक चमचा कुठे आहे ते तिला ठाऊक असतं, आणि वाया गेलेली जागा तिला बघवत नाही.

"रविवारी दवाखाना बंद असतो," ती म्हणाली.

भावजींनी वळून बघितलं.

"माझ्याकडे बघू नका," ताई म्हणाली. "सभा इथे घ्या. पण एक सांगते बाई, आधी ही भिंत तुमच्या माणसांनी दुरुस्त करायची. स्वतःच्या हातांनी. आणि पुन्हा पाणी आलं तर मी स्वतः सिमेंट कालवीन."

पुढच्याच रविवारी झीजमंडळ बादल्या आणि फावडी घेऊन हजर झालं. तडकलेली काच उतरवली. सुटे धोंडे एकेक करून काढले आणि दाराबाहेर ओळीने मांडले. आजही पेशंट त्यावर बसून वाट बघतात. इंजिनिअरबाईंनी नाली रुंद करून घेतली, वर जाळी बसवली. लंबूकाकांचं वय झालेलं, त्यांना कुणी काम देईना, तेव्हा त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंत समजावून सांगायचं काम स्वतःकडे घेतलं. ताईने मोठ्या पातेल्यात चहा केला आणि माणसं किती चहा पितात ते बघून दुसऱ्यांदा केला. नवी काच दुप्पट जाड आली. त्यानंतर थेंबभर पाणी आत आलेलं नाही.

रविवारच्या सभा सुरू झाल्या आणि भांडणांना हक्काची जागा मिळाली. माती कुठे संपते आणि खडक कुठे सुरू होतो, यावर मातीवाल्यांचं आणि दगडवाल्यांचं कधी जमलं नाही. मातीवाले काचेवर खडूने एक रेघ ओढायचे, दगडवाले तिच्या बरंच वर दुसरी. सोमवारी सकाळी ताई ओल्या फडक्याने दोन्ही पुसून टाकायची. पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी तिला म्हटलं, राहू दे की रेघा. ती म्हणाली, "राहू दिल्या तर ही माणसं परत कशाला येतील?"

अध्यक्ष निवडायची वेळ आली तेव्हा मोठा पेच पडला. मातीवाल्यांना दगडवाला नको, दगडवाल्यांना मातीवाला नको. शेवटी कुणीतरी म्हणालं, डॉक्टरांना करा, ते कशातच नाहीत. भावजी बिनविरोध निवडून आले. त्या रात्री त्यांनी ताईला विचारलं, "मला यातलं कळतं का गं काही?" ताई म्हणाली, "नाही. पण तुम्ही कुणालाच बोलू देत नाही, दोन्ही बाजूंना सारखंच, तेच त्यांना हवं असेल."

अध्यक्ष म्हणून त्यांनी वार्षिक सभेत भाषण केलं, दातांच्या झिजेवर आणि दगडांच्या झिजेवर. मंडळाची पत्रिका तोवर आमच्याच छापखान्यात यायला लागली होती आणि मीच ते भाषण तपासलं, त्यामुळे मला पाठ आहे. लोक आधी हसले. मग भावजींनी कापलेल्या दाढेचा आणि कापलेल्या धोंड्याचा फोटो शेजारीशेजारी दाखवला आणि कुठला कुठला ते ओळखा म्हणाले. खोलीतल्या निम्म्या माणसांनी चुकीचं सांगितलं. प्रश्न इतके आले की जेवण गार झालं. त्या एका भाषणामुळे मंडळ वाढलं असं मी म्हणणार नाही. पण बातमी पसरली, शाळांच्या सहली भिंत बघायला यायला लागल्या, दोन कॉलेजांनी आपली मुलं पाठवली, आणि पत्रिकेची पानं वाढली. आमच्या छापखान्याच्या मालकांना झीज म्हणजे काय ते अजून कळलेलं नाही, पण ते भावजींना बघितलं की खुर्ची पुढे करतात.

सचिवबाई निवृत्त झाल्यावर याच गावात राहायला आल्या. ताई आणि त्या संध्याकाळी फिरायला जातात. दवाखाना आता माझी भाची चालवते. तिला दगडात रस नाही, ती पेशंटशी कमी बोलते, आणि त्याबद्दल लोक तिला दुवा देतात.

गेल्या महिन्यात मंडळाच्या सहलीला मीही गेले, पहिल्यांदाच. ताईने नाव परस्पर देऊन टाकलं होतं. बस एका उघड्या पठारावर गेली. माथ्यावर काळपट-लाल जांभा दगड, खाली दरीच्या कडेला तोच सगळा उतरता क्रम, लाल, डागाळलेला, पांढरा, पिवळा, पण इथे आमच्या दवाखान्यासारखी काच नव्हती, खांब नव्हते, अख्खी टेकडीच उघडी. दुपारी सगळे सावली बघून पांगले. लंबूकाका आता राहिले नाहीत. त्यांच्या नातीने चिकणीचा कण तोंडात टाकला आणि वाईट तोंड करून थुंकून टाकला. सचिवबाई एका धोंड्याला टेकून टोपी तोंडावर ओढून झोपल्या. भावजी दोन नव्या सभासदांना काहीतरी सांगत उतारावर बरेच खाली गेले होते, इतके की त्यांचा आवाज येत होता पण शब्द लागत नव्हते. ताईने बुटांतली माती झटकली, बाटली माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "पाणी पी. अजून पलीकडची बाजू बघायची आहे."